मित्रांसोबत व्हिएतनाम: तीन मुक्काम आणि मोकळ्या संध्याकाळी

दहा-अकरा दिवसांची सुट्टी, चार ते सहा मित्र आणि आग्नेय आशियातला एकच देश निवडायचा असेल, तर माझं मत व्हिएतनामला. मुंबईहून हानोई आणि हो ची मिन्ह सिटी (म्हणजेच सायगॉन) या दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत. देश लांबट आणि चिंचोळा असल्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेलं की मागे फिरावं लागत नाही. शहर बदललं की ताटातलं जेवण बदलतं, आणि रात्रीची मजा बंद दारामागे नसून फुटपाथवर मांडलेल्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर असते. खिशाला परवडणारी, चार डोकी एकत्र बसून रंगणारी.

पण ग्रुपची सहल बिघडते ती बहुतेक वेळा घाईमुळे. हानोई, सापा, हा लाँग, ह्युए, दा नांग, होई आन, दालात, सायगॉन आणि वर फू क्वोक, हे सगळं दहा दिवसांत कोंबणारे कार्यक्रम बाजारात भरपूर मिळतात. त्यात निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि बसमध्ये जातो. म्हणून माझा आग्रह असा: मुक्काम तीनच ठेवा, हानोई, होई आन आणि सायगॉन. आणि संध्याकाळी पाचनंतर काहीही आगाऊ बुक करू नका. खाणं, भटकणं आणि गप्पा यांना तेवढी जागा लागतेच.

आधी महिना ठरवा, मग तिकिटं

व्हिएतनामचं हवामान एकसारखं नाही, आणि इथेच मराठी मंडळींची गफलत होते, कारण आपल्याला सुट्ट्या दिवाळीत मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा ऐन पावसाचा काळ. होई आनमध्ये थू बोन नदीचं पाणी जुन्या गावाच्या रस्त्यांवर येतं, दुकानदार सामान वरच्या मजल्यावर हलवतात. त्याच दिवसांत हानोईत मात्र सुंदर कोरडी, गार हवा असते. म्हणजे दिवाळीतच जायचं असेल तर होई आन गाळा, हानोई आणि आसपास जास्त दिवस द्या आणि तिथून थेट सायगॉन गाठा.

उत्तर, मध्य आणि दक्षिण हे तिन्ही भाग एका फेरीत करायचे तर मार्च आणि एप्रिल सर्वांत चांगले. मे महिन्याच्या सुट्टीत उकाडा असतो, पण होई आनचे समुद्रकिनारे तेव्हा मस्त असतात आणि दक्षिणेत पाऊस बहुधा दुपारनंतर गाठतो. नाताळात सायगॉन उत्तम. हानोईत मात्र स्वेटर लागतं आणि हा लाँग उपसागरावर धुकं असतं. तिथलं नववर्ष म्हणजे तेत, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. त्या आठवड्यात जाऊ नका. माणसं गावी गेलेली असतात, आवडती खाण्याची दुकानं बंद आणि गाड्या-विमानं तुडुंब.

तिकीट काढताना जायचं हानोईला आणि परतायचं सायगॉनहून, असं काढा. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी हानोईत उतरणं सर्वांत सोयीचं, का ते पुढे येईल. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे.

व्हिसा: नावाची अक्षरं तपासा

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. आपल्याला २५ वाला पुरे. अर्ज थेट सरकारी संकेतस्थळावर करा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' आहे. शोधल्यावर त्याच्यासारखी दिसणारी पाच-सहा खाजगी संकेतस्थळं वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी मुदत काही कामाच्या दिवसांचीच असली तरी तीन आठवडे आधी अर्ज टाका.

आपल्या नावांची एक अडचण असते. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्जात तेच, त्याच क्रमाने, पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन ओळींशी ताडून लिहायचं. एक अक्षर चुकलं, जन्मतारखेत दिवस-महिना उलटला, तर विमान कंपनी मुंबईतच अडवू शकते. ग्रुपमधल्या एकाने सगळ्यांचे अर्ज भरू नयेत. प्रत्येकाने आपला भरावा आणि दुसऱ्याने तपासावा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने हवी. व्हिसाची छापील प्रत जवळ ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

निघण्यापूर्वी भारतातच ग्रॅब हे टॅक्सी मागवायचं ॲप उतरवून त्यात आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन खातं चालू करा. तिथे पोचल्यावर नवं सिम टाकलं की हा ओटीपी मिळवणं डोकेदुखी होते. प्रवास विमाही आत्ताच काढा.

ग्रुपचे नियम निघण्याआधी बोलून घ्या

हा भाग कोणी लिहीत नाही, पण यावर सहल टिकते. पहिला प्रश्न पैशांचा. सगळा हिशेब टीटीएमएम ठेवला तर प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं कॅल्क्युलेटर निघतो. त्याऐवजी सामायिक पैशांचं एक पाकीट करा. प्रत्येकाने सुरुवातीला सारखी रक्कम टाकायची, एकाने खजिनदार व्हायचं. टॅक्सी, सामायिक खाणं आणि प्रवेश तिकिटं त्यातून जातील. दारू मात्र या पाकिटात घेऊ नका. न पिणाऱ्या मित्राला पिणाऱ्यांचा वाटा भरावा लागला की तो काही बोलत नाही, पण ते मनात राहतं. पिणाऱ्यांचं पाकीट वेगळं.

दुसरं, झोपेचं. पहाटे उठणारे आणि दोनला झोपणारे एका खोलीत नकोत. तिसरं, प्रत्येक मुक्कामी अर्धा दिवस ज्याने त्याने आपल्या मर्जीने घालवायचा. कोणी संग्रहालयात जाईल, कोणी मसाज घेईल, कोणी झोपेल. संध्याकाळी सहाला कुठे भेटायचं तेवढं ठरलेलं असावं.

ग्रुप सहाचा असेल तर उत्तम, कारण ग्रॅबवर सात आसनांची गाडी मिळते आणि सगळे एकत्र जातात. आठ-नऊ जण झाले की प्रत्येक वेळी दोन गाड्या लागतात आणि फुटपाथवरच्या दुकानात एकत्र जागाही मिळत नाही.

पैसे: शून्यांची सवय

एक रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात. डोक्यात एकच हिशेब ठेवा: शेवटची तीन शून्यं खोडायची आणि उरलेल्याला साडेतीनने गुणायचं. ५० हजार डाँगचा वाडगा म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. खरा आकडा यापेक्षा थोडा कमीच येतो.

२० हजारांची आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळसर असतात आणि रात्रीच्या उजेडात हमखास गोंधळ होतो. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. भारतातून डॉलरच्या स्वच्छ, न दुमडलेल्या नोटा न्या आणि बँकेत किंवा परवानाधारक ठिकाणी बदला. एटीएममधून काढताना यंत्र 'रुपयांत रूपांतर करू का' विचारतं तेव्हा नाही म्हणा, डाँगमध्येच व्यवहार करा. हॉटेलात आणि मोठ्या दुकानात कार्ड चालतं, पण चांगलं खाणं जिथे आहे तिथे रोखच लागते.

सकाळचा फो (रश्श्यातल्या शेवया) ५० ते ७० हजार, बान्ह मी (भरलेला पाव) २५ ते ४० हजार, कॉफी २५ ते ४० हजार, हे साधे भाव ध्यानात असले की कोण फसवतंय ते लगेच कळतं.

पहिला मुक्काम: हानोई (शनिवार ते गुरुवार सकाळ)

हॉटेल जुन्या शहरातच घ्या, होआन किएम तळ्यापासून चालत दहा मिनिटांत. जुन्या शहरात एकेका धंद्याची एकेक गल्ली: चांदीची, रेशमाची, पत्र्याच्या डब्यांची. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, पोरं स्केटिंग करतात, बायका घोळक्याने नाचाचा सराव करतात. शनिवारी पोचायला सांगितलं ते यासाठी. आल्या आल्या कुठलंही प्रेक्षणीय स्थळ करू नका, फक्त या रस्त्यांवर चाला.

चालायच्या आधी रस्ता ओलांडायला शिकायचं आहे. स्कूटरची धार थांबत नाही. तिच्यात शिरायचं, हळू आणि एका लयीत चालायचं. चालक तुमचा वेग बघून दोन्ही बाजूंनी वळतात. मध्येच थबकलात किंवा धावलात तर त्यांचा अंदाज चुकतो. सहा जणांनी रांगेत न जाता एकमेकांच्या बाजूला आडवं चालावं. बस आणि मोटारी मात्र वळत नाहीत, त्यांना जाऊ द्या.

रविवारी सकाळी लवकर हो ची मिन्ह यांची समाधी बघा. ती फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तिथून जवळच साहित्य मंदिर, म्हणजे व्हान मिएव: १०७० साली बांधलेलं कन्फ्यूशियसचं मंदिर आणि पुढे तिथेच देशातलं पहिलं विद्यापीठ. दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले ८२ शिलालेख आहेत, राजदरबारच्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेले. सध्या प्रसिद्ध असलेली 'ट्रेन स्ट्रीट' मी यादीत घेणार नाही. रेल्वे रुळाला खेटून बसायचं, प्रशासनाने ती अनेकदा बंद केली आहे, आणि फोटोपलीकडे हाती काही लागत नाही.

दुपारी अंड्याची कॉफी प्या. १९४६ साली दुधाची टंचाई असताना मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन व्हान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला, आणि त्यांच्या नावाचं कॅफे ज्यांग आजही जुन्या शहरात चालू आहे. एका चिंचोळ्या बोळातून आत जावं लागतं. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून आणतात, वर पिवळसर जाड फेस, खाली कडक काळी कॉफी. आधी चमच्याने नुसता फेस चाखा, मग ढवळा. अंड्याचा वास येतो का, हा प्रश्न सगळे विचारतात. फेटताना गोड आटवलेलं दूध घातलेलं असतं, त्यामुळे वास येत नाही.

संध्याकाळी ता हिएन आणि लुओंग न्गोक क्वेन या दोन गल्ल्यांचा चौक गाठा. बिया होई म्हणजे रोज ताजी येणारी, पिंपातून थेट ग्लासात ओतलेली हलकी बिअर. हिरवट झाक असलेले, आत बुडबुडे अडकलेले जाड काचेचे ग्लास असतात. या चौकात गर्दी आणि संगीताचा कल्लोळ आहे, एकदा जरूर बसा. दुसऱ्या रात्री मात्र दोन-तीन गल्ल्या आत जा, जिथे ऑफिस सुटलेली माणसं बसलेली असतात. तिथे बिअर स्वस्त, आवाज कमी आणि शेजारच्या टेबलावरून 'मोत, हाय, बा, झो!' अशी आरोळी आली की तुम्हीही ग्लास उंचावायचा. सोबत उकडलेले शेंगदाणे, तळलेलं टोफू आणि मक्याचे तळलेले दाणे मागवा. हानोई बारापर्यंत आवरायला लागतं, म्हणून रात्र सातलाच सुरू करा.

सोमवारी निन्ह बिन्ह. हानोईहून छोट्या व्हॅनने दोन तासांच्या आत-बाहेर. भाताच्या शेतांतून एकदम वर उठलेले चुनखडीचे डोंगर आणि मधून नदी. ट्रांग आन इथली नौकाफेरी घ्या. २०१४ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. होडी बुटक्या गुहांमधून जाते तेव्हा मान गुडघ्यापर्यंत वाकवावी लागते. नाविक बहुतेक बायकाच असतात. त्यांना शेवटी थोडी बक्षिसी द्या, आणि एखादं वल्हं आपणही मारा. नंतर हांग मुआच्या सुमारे पाचशे पायऱ्या. उन्हात चढू नका, चारनंतर जा.

मंगळवार-बुधवार हा लाँग, एक रात्र बोटीवर. मोठी बॅग हानोईच्या हॉटेलात ठेवून लहान पिशवी न्या. १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या या उपसागरात सुमारे १६०० बेटं आहेत आणि मुख्य मार्गावर बोटींची बरीच गर्दी असते. म्हणून बोट निवडताना शेजारच्या लान हा उपसागरात जाणारी बघा. डोंगर तेच, गर्दी कमी. एका दिवसाची फेरी घेऊ नका. येण्याजाण्यात पाच तास जातात आणि पहाटेचं पाणी बघायचं राहतं.

बोटीवर चढल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहे ते पहिल्यांदा बघा. जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात इथे पर्यटकांची एक बोट उलटून अनेक जणांचा जीव गेला. जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ. बंदर प्रशासनाने फेरी रद्द केली तर वाद घालू नका. ते दिवस मग हानोईतच घालवा.

खाणं: शाकाहारी, गोमांस न खाणारे आणि सगळं खाणारे

बहुतेक मराठी ग्रुपमध्ये हे तिन्ही असतात, त्यामुळे काही शब्द पाठ करा. बो म्हणजे गोमांस, गा म्हणजे कोंबडी, का म्हणजे मासा, तोम म्हणजे कोळंबी. डुकराचं मांस उत्तरेत थित लॉन, दक्षिणेत थित हेओ. 'फो बो' न मागता 'फो गा' मागितलं की कोंबडीच्या रश्श्यातल्या भाताच्या शेवया येतात. बुन चा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस, गोड-आंबट पाण्यात, सोबत शेवया आणि पालापाचोळ्यासारखा ढीगभर हिरवा पाला. हानोईत ते दुपारच्या जेवणाला खातात. २०१६ मध्ये बराक ओबामा यांनी हानोईतल्या एका साध्या दुकानात स्टुलावर बसून हेच खाल्लं होतं.

शाकाहारी मित्रासाठी 'चाय' हा शब्द सोनं आहे. पाटीवर 'कोम चाय' किंवा 'क्वान चाय' दिसलं की ते शुद्ध शाकाहारी दुकान, बौद्ध परंपरेतलं. तिथे पदार्थ कोंबडीसारखे, माशासारखे दिसतात, पण ते सोया आणि टोफूचे असतात. हे शाकाहाऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ताट सरकवतो. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या दिवशी ही दुकानं भरलेली आणि ताजी असतात.

साध्या दुकानात 'भाजी' मागितली तरी तीत नुओक माम, म्हणजे आंबवलेल्या माशाचं पाणी, घातलेलं असू शकतं. 'तोय आन चाय' म्हणा आणि पुढे 'खोम नुओक माम' जोडा. उच्चार चुकतातच, म्हणून हेच वाक्य व्हिएतनामी लिपीत फोनवर लिहून दाखवणं सर्वांत खात्रीचं. रश्श्यात हाडांचं पाणी नाही ना, हेही विचारा. कोकणात सुकटीच्या वासात वाढलेल्यांना नुओक मामची दोन दिवसांत गोडी लागते. इतरांनी लिंबू पिळून सुरुवात करावी.

अंडं चालत असेल तर बान्ह मी ऑप ला: कुरकुरीत पाव आणि तव्यावरचं अर्धकच्चं अंडं. 'पाते नको' सांगायला विसरू नका, ते डुकराच्या काळजाचं असतं. तिन्ही शहरांत भारतीय जेवणाची दुकानं भरपूर आहेत, पण तिथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदाच जा. घरून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी असली की पहाटेच्या भुकेची सोय होते.

दुकान निवडायची खूण साधी: एक किंवा दोनच पदार्थ, गर्दी स्थानिक, आणि भांडं समोर उकळतंय. चाळीस पदार्थांचं चित्रमय मेनूकार्ड दिसलं की पुढे चला. बर्फ मध्ये भोक असलेल्या नळीसारखा असेल तर तो कारखान्यातला, सहसा चालतो. पाणी बाटलीचंच.

दुसरा मुक्काम: होई आन (गुरुवार ते रविवार सकाळ)

हानोई ते दा नांग विमानाने दीडेक तास, पुढे गाडीने ३० किलोमीटर. होई आन हे जुनं बंदर, १९९९ पासून जागतिक वारसा स्थळ. पिवळ्या भिंती, लाकडी दुकानं, जपानी व्यापाऱ्यांच्या काळातला छप्परवाला पूल. तो पूल २० हजारांच्या नोटेवर छापलेला आहे, नोट हातात धरून ताडून बघा. जुन्या गावात घरं आणि सभागृहं आतून बघायला तिकीट लागतं, आणि त्या तिकिटावर ठरावीक वास्तू निवडायच्या असतात.

कपडे शिवून घ्यायचे असतील तर गुरुवारी दुपारी माप द्या, शुक्रवारी ट्रायल, शनिवारी ताबा. एकाच ट्रायलवर समाधान मानू नका. बाही, खांदा आणि कापडाचं अस्तर उजेडात बघा. सहाही जणांनी एकाच शिंप्याकडे दिलं तर भावात बरीच घासाघीस होते.

इथे खायचं काओ लाउ: जाड, चावून खायच्या पिवळसर शेवया, डुकराच्या मांसाचे काप, कुरकुरीत तुकडे, रस्सा अगदी थोडा. स्थानिक लोक सांगतात की त्या शेवयांना इथल्या बा ले विहिरीचंच पाणी लागतं. रात्री नदीकाठी कंदिलांची गर्दी होते. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या दिवसाच्या आसपास, जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. घरातल्या दिनदर्शिकेत पौर्णिमा बघून तारखा जुळल्या तर जरूर जुळवा. होई आन मात्र लवकर झोपतं. रात्र लांबवायची असेल तर आन बांग किनाऱ्यावरची ठिकाणं बघा.

शुक्रवारी सकाळी 'मी सन' हे जुन्या देवळांचं ठिकाण. ही सहलीतली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची सकाळ, आणि बरेच ग्रुप दा नांगजवळच्या बा ना हिल्सचा सोनेरी पूल बघायला ती सोडून देतात. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत इथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं आहेत, चौथ्या ते तेराव्या शतकातली. राजा भद्रवर्मनने इथे भद्रेश्वराची स्थापना केली, आणि इथले अनेक शिलालेख संस्कृतात आहेत. विटा अशा जुळवल्या आहेत की सांध्यात चुना दिसत नाही. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत सर्वांत मोठं शिखर कोसळलं. बॉम्बचे खड्डे अजून दिसतात.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने २०१७ पासून काही वर्षं इथल्या ए, एच आणि के या मंदिरगटांची डागडुजी केली, आणि ते काम चालू असताना २०२० मध्ये वालुकाश्माचं एकसंध शिवलिंग मातीखालून निघालं. गेल्यावर ए गट शोधून बघाच. आपल्याकडच्या देवळांत जे रूप रोज बघतो, ते इथे परक्या जंगलात, शेवाळलेल्या विटांमध्ये भेटतं, तेव्हा ग्रुपमधला सर्वांत बडबड्या मित्रही गप्प होतो. उन्हाच्या आधी पोचा, सकाळी सहा-साडेसहाला होई आन सोडा.

शनिवारी रात्री नऊला दा नांगच्या ड्रॅगन पुलाचा ड्रॅगन तोंडातून आग आणि मग पाणी फेकतो. होई आनहून ग्रॅबने जाऊन यायचं आणि तिथेच समुद्राची मासळी खायची. वजनाचा भाव आधी विचारा, मासा समोर तोलून घ्या आणि भाव फोनच्या पडद्यावर टाइप करून घ्या.

तिसरा मुक्काम: सायगॉन (रविवार ते मंगळवार)

नाव हो ची मिन्ह सिटी, पण बोलताना सगळे सायगॉनच म्हणतात. पूर्वीच्या डिस्ट्रिक्ट १ मध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी राहा, मात्र बुई व्हिएन या बारच्या रस्त्यावर नाही, तिथून दहा मिनिटं दूर. पहाटेपर्यंत खिडकीच्या काचा थरथरतात.

दिवसा युद्ध अवशेष संग्रहालय बघा. आतली छायाचित्रं जड आहेत, दोन तास ठेवा आणि त्याच दुपारी दुसरं काही नको. न्गुएन ह्युए रस्त्यावरच्या ४२ नंबरच्या जुन्या इमारतीत अनेक खोल्यांत वेगवेगळी कॅफे आहेत. ट्रुओंग दिन्ह रस्त्यावर तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं मारियम्मनचं देऊळ आहे, आणि आज तिथे उदबत्ती लावायला येणारे बहुतेक व्हिएतनामी असतात. कू चीचे युद्धकाळातले भुयारी मार्ग अर्ध्या दिवसाचे आहेत. बंद जागेचा त्रास असेल त्याने वरच थांबावं. खायला कोम ताम, म्हणजे कण्यांचा भात, आणि बान्ह सेओ, हळद घातलेलं तांदळाच्या पिठाचं कुरकुरीत धिरडं, पाल्यात गुंडाळून.

रात्र इथे लांब असते. सुरुवात एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरच्या बारमध्ये, एकाच पेयाने, कारण तिथे दर चौपट. मग क्राफ्ट बिअर: पाश्चर स्ट्रीट या ब्रुअरीची मोगऱ्याच्या वासाची बिअर चाखण्यासारखी आहे. शेवटी बुई व्हिएन, दोन्ही बाजूंनी ढोल बडवल्यासारखं संगीत. एक तास बघा, पुरतं. दलाल हाताला धरून आत ओढतात. हात सोडवून पुढे चला. मेनूवर छापील भाव नसेल तर बसू नका. मागवलेल्या प्रत्येक फेरीला बिल बघा, शेवटी एकदम नाही.

रात्रीच्या ज्या गोष्टींत सूट नाही

व्हिएतनाममध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याला शून्य सूट आहे, एका बिअरलाही दंड. आणि भाड्याची स्कूटर तशीही घेऊ नका: भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या कराराखालचा असतो, व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. ग्रॅबची मोटरसायकल घ्या, हेल्मेट तेच देतात.

ई-सिगारेटवर २०२५ पासून बंदी आहे, व्हेप घरीच ठेवा. बुई व्हिएनवर फुगे घेऊन फिरणारी मुलं हसण्याचा वायू विकतात, तोही बेकायदा आणि शरीराला घातक. अमली पदार्थांना इथे मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, यावर अधिक बोलायला नको.

फुकट शॉट, बिनलेबलची भातापासूनची दारू आणि बादलीत मिसळलेली पेयं घेऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या लाओसमध्ये व्हांग व्हिएंगला मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने सहा पर्यटक गेले. बिअर किंवा समोर उघडलेली सीलबंद बाटली, एवढंच. पिऊन बऱ्याच तासांनी कोणाला धूसर दिसायला लागलं, पोटात कळ आली, श्वास जड झाला तर 'हँगओव्हर असेल' म्हणत झोपवू नका, थेट रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेचा नंबर ११५, पोलिसांचा ११३.

सायगॉनमध्ये फोन हिसकावणं ही खरी डोकेदुखी आहे. चोर स्कूटरवरून येतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानाच्या आत जा. पर्स रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, फोनवर त्याचा फोटो. रात्री परतताना कोणीही एकटं नाही. जो आधी जाणार असेल त्याने ग्रॅबची फेरी ग्रुपवर शेअर करायची आणि खोलीत पोचल्याचा निरोप टाकायचा.

शेवटचा दिवस

सोमवारी दुपारी खरेदी उरका: दाक लाक भागातली कॉफी आणि ती गाळायचं पत्र्याचं फिन गाळणं. बेन थान्ह बाजारात सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोली लावा. सुपरमार्केटमध्ये तीच कॉफी ठरलेल्या भावात मिळते. स्वस्त विमान कंपन्या हातातल्या बॅगेचं सात किलो वजन काटेकोर बघतात, म्हणून जड सामान आधीच विकत घेतलेल्या चेक-इन वजनात टाका. दारू भारतात माणशी दोन लिटरपर्यंतच करमुक्त आणता येते.

सामायिक पाकिटाचा हिशेब त्याच रात्री, सगळे समोर असताना मिटवा. मुंबईत पोचल्यावर तो महिनाभर लोंबकळतो. उरलेले डाँग भारतात बदलणं कठीण, तेव्हा ते शेवटच्या जेवणात संपवा आणि टॅक्सीपुरते राखा. सायगॉनच्या तान सन न्हात विमानतळावर इमिग्रेशनची रांग लांब असते. तीन तास आधी पोचा.